कपाटातून फरशीवर पडलेलं रिव्हॉल्वर: गोळी का सुटली नाही, आणि पुढच्या वेळी सुटेल का?

प्रश्न थोडक्यात असा. मोहोळ तालुक्यातल्या एका बागायतदारांकडे वडिलांच्या पश्चात वारसाने आलेलं ३२ बोअरचं जुनं रिव्हॉल्वर आहे. परवा कपाटातून सातबाऱ्याचे कागद काढताना ते छातीएवढ्या उंचीवरून शहाबादी फरशीवर पडलं. सहाही काडतुसं आत होती, गोळी सुटली नाही. घरात लहान मुलं आहेत. घरच्यांनी लगेच अभिनेते गोविंदा यांचा दाखला दिला. १ ऑक्टोबर २०२४ ला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी त्यांच्या पायात घुसली होती आणि ते कपाटात ठेवताना हातातून पडल्याचं सांगण्यात आलं होतं. या गृहस्थांचं विचारणं असं: पडल्यावर खरंच गोळी सुटते का, हे हत्यार आता ठेवावं का, की ते देऊन सेफ्टीवालं पिस्तूल घ्यावं म्हणजे चिंता मिटेल?

माझी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, म्हणून गेली. निवृत्तीनंतर सोलापुरात दुरुस्तीचा परवाना असलेल्या एका दुकानात बसतो. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही, फक्त दरवेळी फरशी वेगळी असते.

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. मुलाबाळांना खोलीबाहेर पाठवा, नळी मातीने भरलेल्या मोठ्या कुंडीकडे किंवा वाळूच्या बादलीकडे धरा, बोट चापापासून लांब ठेवा आणि रिव्हॉल्वर उघडा. काहींचा सिलिंडर बाजूला निघतो, काहींची नळी पुढे मोडते. सहाही काडतुसं बाहेर काढा, मोजा, आणि बुडं स्वतःकडे करून टेबलावर ओळीने आडवी ठेवा. बुडाच्या मधोमध जी गोल चकती बसवलेली दिसते ती कॅप. खिडकीच्या उजेडात एकेक कॅप तिरकी धरून बघा. त्यातल्या एखादीवर टाचणीच्या डोक्याएवढा चकाकता ठिपका, बारीकसा खळगा दिसतोय का? दिसत असेल तर कॅपवर आपटून गोळी उडवणारी पिन तिच्यापर्यंत पोचली होती आणि केवळ जोर कमी पडला. ते रिव्हॉल्वर नशिबाने गप्प बसलं. असं काडतूस पुन्हा आत घालू नका, घरात उडवून बघू नका, परवानाधारक दुकानदाराच्या हवाली करा.

ठिपका नसेल तर एवढंच समजायचं की या खेपेला पिन पुढे आली नाही. आतली अडवणूक धड असेल म्हणून आली नसेल, किंवा हत्यार मुठीवर आपटलं आणि घोड्याला, म्हणजे पिनवर घाव घालणाऱ्या मागच्या हातोडीला, धक्काच लागला नाही म्हणूनही आली नसेल. "एकदा पडलंय, काय झालं नाही" हा काही दाखला नव्हे.

सव्वा मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी साधारण १८ किलोमीटर असतो. वेग काही फार नाही, पण थांबणं महत्त्वाचं. वावरातल्या मऊ मातीत हत्यार रुतत रुतत थांबतं. शहाबादीवर ते जागच्या जागी थांबतं आणि आतले जे सुटे भाग आहेत ते मात्र त्याच वेगाने पुढे जाऊ पाहतात. आपल्या भागात घराघरात हीच फरशी, नाहीतर काळा दगड. मुंबईच्या गालिचावाल्या खोलीपेक्षा आपल्याकडे हत्यार पडणं जास्त वाईट, ते एवढ्यासाठी.

आता रिव्हॉल्वरच्या पोटात काय असतं ते बघू. घोडा खाली बसलेला असतो, त्याच्या नाकाला किंवा त्याच्या पुढे फ्रेममध्ये पिन असते आणि पिनच्या समोर काडतुसाची कॅप. जुन्यातल्या जुन्या बनावटीत, उदाहरणार्थ १८७३ च्या कोल्टमध्ये, घोडा पूर्ण खाली सोडला की पिन थेट कॅपवर टेकलेली असे. घोड्याच्या पाठीवर धक्का बसला की काम झालं. म्हणून जाणती माणसं सहा घरांच्या सिलिंडरात पाचच काडतुसं भरत आणि रिकामं घर घोड्याखाली ठेवत. शिवाय बघा, रिव्हॉल्वर घोड्यावर पडलं याचा अर्थ नळी वर आहे, आणि वर तुम्ही उभे आहात. पडलेल्या रिव्हॉल्वरच्या गोळ्या पायात, मांडीत, पोटात लागतात त्या यामुळे.

पुढे कारखान्यांनी दोन तोडगे काढले. एक म्हणजे घोडा आणि फ्रेम यांच्यामध्ये पोलादाची पट्टी. चाप पूर्ण दाबल्याशिवाय ती पट्टी बाजूला होतच नाही. याला हॅमर ब्लॉक म्हणतात. दुसरा तोडगा याच्या उलट: घोडा पिनपर्यंत पोचतच नाही, आणि चाप दाबल्यावर मधे एक पट्टी वर येऊन घोड्याचा घाव पिनला पोचवते. ही ट्रान्स्फर बार. रुगर कंपनीने आपल्या सिंगल ॲक्शन, म्हणजे दरवेळी घोडा अंगठ्याने चढवावा लागणाऱ्या, रिव्हॉल्वरना ती १९७३ मध्ये बसवली आणि नंतर जुनी रिव्हॉल्वरंही फुकट बदलून द्यायला सुरुवात केली.

हे शहाणपण सरळ रेषेत आलेलं नाही. आपल्या पोलिसांकडे वर्षानुवर्षं असलेलं ३८ बोअरचं एनफिल्ड घ्या. त्यात घोडा अडवणारा थांबा मुळात होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, उत्पादन झटपट व्हावं म्हणून इंग्रजांनी तो काढूनच टाकला. ती हत्यारं पडल्यावर धोकादायक ठरतात हे ध्यानात आल्यावर लढाईनंतर थांबे परत बसवत बसले. अमेरिकेत १९४४ मध्ये स्मिथ अँड वेसनचं एक रिव्हॉल्वर जहाजावर पडलं, गोळी सुटून नौदलाचा एक माणूस गेला. त्या रिव्हॉल्वरमध्ये हॅमर ब्लॉक होता. तो एका बारीक स्प्रिंगवर अवलंबून होता आणि ऐन वेळी जागेवर आला नाही. त्यानंतर कंपनीने नवा ब्लॉक बनवला, जो चाप सुटताना यंत्रणेच्याच जोराने जागेवर ढकलला जातो. माझ्या मते या धंद्यात शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. अडवणूक आहे की नाही एवढ्याने भागत नाही. मळ, गंज, दमलेली स्प्रिंग यांच्यामुळे ती अर्ध्यात अडकणार नाही ना, हे बघायचं.

तुमच्या रिव्हॉल्वरमध्ये काय आहे ते घरी थोडंफार कळू शकतं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. घरं पुन्हा एकदा बोटाने चाचपा, नुसतं बघू नका. रिव्हॉल्वर उघडंच ठेवा, चाप मोकळा, घोडा खाली. आता घोड्याच्या पाठीवर अंगठ्याने चांगला दाब द्या आणि फ्रेमच्या ज्या भोकातून पिन येते तिथे बाजूने बघा. पिनचं टोक डोकावलं, केसभर का होईना, तर ते हत्यार घोड्याखाली भरलेलं काडतूस घेऊन बाळगण्याच्या लायकीचं नाही. दुसरी तपासणी: रिकामं रिव्हॉल्वर बंद करून घोडा चढवा, बोट चापाच्या कडीबाहेर ठेवा आणि अंगठ्याने घोडा मागून पुढे ढकलून बघा. घोडा निसटून पडला तर आतल्या सिअरची, म्हणजे चढलेला घोडा धरून ठेवणाऱ्या तुकड्याची, खाच झिजली आहे, किंवा कुणीतरी चाप हलका करायला तिच्यावर कानस मारली आहे. जुन्या हत्यारात हे फार सापडतं. "चाप कडक लागतोय, जरा मऊ करून द्या" म्हणणारी गिऱ्हाइकं आजही येतात आणि त्यांना हो म्हणणारे मिस्त्रीही जिल्ह्यात आहेत.

या दोन्हीत हत्यार पास झालं तरी मी त्याला प्रमाणपत्र देणार नाही. फरशीवर आपटल्यावर ब्लॉकची पट्टी तडकलेली असू शकते, घोड्याची खीळ वाकलेली असू शकते. उघडून बघितल्याशिवाय ते दिसत नाही आणि उघडणं तुमचं काम नव्हे. नापास झालं तर मात्र दुरुस्तीला नेईपर्यंत रिकामंच ठेवा.

आता पिस्तुलाकडे येतो, कारण तुमचा खरा रोख तिकडे आहे. सेफ्टीचा खटका लावला की पिस्तूल मुकं झालं, असा सार्वत्रिक समज आहे. पण बहुतेक जुन्या पिस्तुलांत तो खटका चाप अडवतो किंवा सिअर अडवतो. पिनला तो हातही लावत नाही. पिस्तूल नळीच्या टोकावर आपटलं की पोलाद थांबतं आणि पिन आपल्याच वजनाने पुढे सरकते. तिला मागे धरणारी असते एक छोटी स्प्रिंग. ती स्प्रिंग वीस-तीस वर्षं दाबली जाऊन मऊ पडली असेल तर? खटका लागलेला आहे, चाप कुणी ओढलेला नाही, आणि चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या घरात चढलेली, गोळी सुटू शकते. यावरचा खरा इलाज म्हणजे पिनच्या वाटेत उभा असलेला एक छोटा ठोकळा, जो चाप दाबल्यावरच हलतो. १९८२ च्या ग्लॉकमध्ये तो पहिल्यापासून आहे. कोल्टच्या ४५ च्या पिस्तुलात तो सिरीज ८० पासून, म्हणजे १९८३ ला आला. आमच्या हाताखालून सगळ्यात जास्त गेलेलं पिस्तूल म्हणजे ईशापूरच्या सरकारी कारखान्याचं ९ एमएम १ए. ते ब्राउनिंग हाय-पॉवरच्या जुन्या नमुन्यावरचं, त्यात हा ठोकळा नाही. हाय-पॉवरलाच तो बऱ्याच उशिरा, मार्क ३ मध्ये मिळाला. म्हणून आमच्याकडे शिस्त अशी की मॅगझीन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, भरलेलं, चेंबर रिकामं. शिवाय मुठीच्या कडीतून खांद्यापर्यंत दोरी. आषाढीच्या बंदोबस्तात, रेटारेटीत, पिस्तूल खोळीतून निसटलं तरी गुडघ्याशी लोंबकळतं, जमिनीला लागत नाही. तुमच्या जुन्या रिव्हॉल्वरच्या मुठीलाही बहुधा अशी कडी असेल. ती शोभेची नाही.

जुन्या ३२ बोअर पिस्तुलांत आणखी एक जात आहे, ब्राउनिंगच्या १९१० च्या नमुन्यासारखी, जिला बाहेर घोडाच नाही. चेंबरमध्ये गोळी गेली की आतली पिन स्प्रिंग ताणून पूर्ण चढलेली असते आणि तिला धरणारी सिअरची एक खाच. बाहेरून बघणाऱ्याला पिस्तूल अगदी शांत दिसतं. कुणाकडे हे वडिलोपार्जित असेल तर चेंबर भरून ठेवूच नका.

"मग नवं, परदेशी परीक्षा पास झालेलं घेतो" असं कुणी म्हणेल, तर तिथलीही एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत हत्यार कारखान्यांची सामी नावाची संस्था आहे. तिच्या परीक्षेत पिस्तूल ४ फुटांवरून टाकतात, काँक्रीटवर अंथरलेल्या इंचभर जाडीच्या रबरी चटईवर. नळी खाली, नळी वर, मूठ खाली, मूठ वर, डावी कूस, उजवी कूस, अशा सहा बाजूंनी. कॅलिफोर्निया राज्याची परीक्षा चटईशिवाय, थेट काँक्रीटवर, साधारण १ मीटरवरून. सिग सावर कंपनीचं पी३२० पिस्तूल नेहमीच्या परीक्षा पास होऊन बाजारात आलं, जानेवारी २०१७ मध्ये त्याचाच एक प्रकार अमेरिकेच्या लष्कराने निवडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काही जणांनी ते वेगळ्या कोनात टाकून बघितलं. नळी थोडी वर, स्लाइडची, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाची, मागची कड तिरकी खाली आपटेल असं. गोळ्या सुटल्या. पिनचा ठोकळा होता की! पण चापाची पट्टीच इतकी जड होती की धक्क्याने ती आपल्या वजनाने मागे गेली आणि बोटाने दाबल्यासारखं सगळं पार पडलं. सहा सरळ बाजूंच्या परीक्षेत तो कोन नव्हता. कंपनीने हलका चाप बसवून पिस्तुलं बदलून द्यायला सुरुवात केली.

आपल्याकडच्या नळीवर जो प्रूफचा शिक्का असतो त्याबद्दलही गैरसमज नको. त्याचा अर्थ नळीने जादा दाबाचं काडतूस सोसलं, इतकाच. पडझडीशी त्याचा काही संबंध नाही.

एवढं सगळं लिहिलं तरी माझा अनुभव सांगतो की नुसतं पडून गोळी सुटण्यापेक्षा पडतंय म्हणून झेलायला गेल्यावर सुटण्याचा धोका मोठा आहे. हातातून निसटलेली वस्तू पकडायला हात आपोआप झेपावतो, चारही बोटं मिटतात, आणि त्यातलं एक चापाच्या कडीत शिरतं. तेव्हा नळी कुठे आहे ते देवालाच ठाऊक. हत्यार पडलं तर पडू द्या. फरशी फुटू दे, मुठीची लाकडी पट्टी फुटू दे. ते पूर्ण थांबल्यावर मुठीला धरून, बोट सरळ ठेवून उचला, काडतुसं काढा आणि कॅपा बघा.

पडण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. कमरेला नुसतं खोचलेलं पिस्तूल मोटरसायकलवरून उतरताना पडतं, आणि संडासात उकिडवं बसताना तर हमखास. रेक्झिनची ढिली खोळ, जिला वरचं बटण नाही आणि जिच्यातून चाप उघडा दिसतो, ती खोचण्याइतकीच वाईट. चापाची कडी पूर्ण झाकणारी, घट्ट चामड्याची खोळ घ्या. परत घालताना सदऱ्याचं टोक किंवा खोळीचा पट्टा कडीत अडकत नाही ना, ते बघून घाला.

दुसरी ठरलेली वेळ म्हणजे निवडणूक. आचारसंहिता लागली की हत्यारं जमा करायला ठाण्यात रांग लागते. माणूस ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी उभा राहून पिस्तूल रिकामं करून दाखवतो, आणि क्रम चुकवतो. आधी स्लाइड ओढतो, एक गोळी बाहेर पडते, मग मॅगझीन काढतो. स्लाइड पुढे जाताना तिने मॅगझीनमधली दुसरी गोळी चेंबरमध्ये नेलेली असते. मग "बघा साहेब, रिकामं" म्हणून चाप. क्रम एकच: मॅगझीन आधी, स्लाइड नंतर, मग चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. मॅगझीन घरीच काढून, चेंबर बघून, हत्यार आणि काडतुसं वेगवेगळ्या पिशवीत नेलीत तर सगळ्यांचाच जीव भांड्यात पडतो. "साफ करताना गोळी सुटली" अशी बातमी वाचली की माझ्या डोक्यात हाच चुकलेला क्रम येतो. साफ करायला घेतलेल्या हत्यारात गोळी असायचं कारणच काय?

साफसफाईवरून आठवलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका यंत्रमागवाल्यांचं चांगलं पिस्तूल दुकानात आलं होतं, पिनचा ठोकळा असलेलं. तक्रार दुसरीच काहीतरी होती. स्लाइड उतरवून मी मागून पोगराने, म्हणजे बारीक पंचाने, पिन ढकलली, तर टोक सरळ पुढून बाहेर. ठोकळा वर चढलेल्या जागीच चिकटून बसला होता. उघडल्यावर आत राखाडी लगदा निघाला: टॉवेलच्या कारखान्यातली रुईची धूळ आणि त्यावर वर्षानुवर्षं सोडलेलं खोबरेल. सेफ्टी होती, पण कामाला येत नव्हती. पिनच्या भोकात तेल ओतायचं नसतं. ती जागा कोरडी, फार तर पुसटसा ओलावा. आणि खोबरेल नकोच, थंडीत थिजतं. बंदुकीचं तेल मिळत नसेल तर शिलाई मशीनचं हलकं तेल चालेल, तेही थेंबभर, बाहेरच्या घासणाऱ्या भागांना.

तेव्हा पिस्तूल घ्यायचं का, याचं माझं उत्तर: या भीतीपोटी घेऊ नका. जुन्या पिस्तुलापेक्षा तपासलेलं रिव्हॉल्वर तुमच्यासारख्याला बरं, कारण उघडलं की सहाही घरं एका नजरेत दिसतात. चेंबरमध्ये लपलेली गोळी हा प्रकार त्यात नाही. घ्यायचंच असेल तर दुकानदाराला एकच विचारा: पिन अडवणारा ठोकळा आहे का, आणि तो मला स्लाइड उतरवून दाखवा. "सेफ्टी आहे की" एवढंच उत्तर मिळालं तर दुसरं दुकान बघा. आणि ठोकळा असला तरी घरात चेंबर रिकामंच. रिव्हॉल्वर जवळ बाळगायची वेळ आली तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. मात्र त्याने फक्त पडण्याचा धोका जातो. चाप ओढला की सिलिंडर फिरून भरलेलं घर समोर येतंच.

दुरुस्तीचं म्हणाल तर गावातल्या लेथवाल्याकडे नेऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे हत्यार दुरुस्त करायलाही परवाना लागतो, त्यामुळे तो अडकेल आणि तुम्हीही. परवानाधारक दुकानात नेताना परवाना सोबत ठेवा, हत्यार दिल्याची पावती घ्या. "पडलं होतं, अमुक बाजूवर" हे स्वच्छ सांगा. बरेच लोक ते लपवतात आणि "नुसतं सर्व्हिसिंग करा" म्हणतात. मग आम्ही तडा शोधायचा कुठे? घोडा, ब्लॉकची पट्टी, पिनचं टोक, सिलिंडरचा लॉक आणि स्प्रिंग एवढं उघडून बघायला सांगा. स्प्रिंग जुनी असेल तर बदलूनच घ्या.

विकायचंच ठरलं तर ते वडिलांच्या नाही, तुमच्या परवान्यावर चढलेलं आहे ना, हे आधी पक्कं करा. विकण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. तेवढे दिवस हत्यार दुकानात किंवा ठाण्यात जमा ठेवता येईल. घरात लहान मुलं आहेत असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा मी तेच करीन. कपाटातच ठेवणार असाल तर कागदांच्या फायलीवर नको. खालच्या खणात, कुलपाच्या डब्यात, काडतुसं वेगळ्या कुलपात. गोळी सुटून कुणाला लागली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागतं, आणि "आपोआप पडलं" एवढ्यावर सुटका होईल असं धरून चालू नका.

कॅपांवर ठिपका दिसला की नाही, आणि पिन डोकावली की नाही, ते कळवा. रिव्हॉल्वरची बनावट कोणती तेही लिहा, नळीवर किंवा फ्रेमवर कोरलेलं असतं. पुढचं त्यावर सांगतो.